आरशांनीं धरलेलें ऊन

रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत हल्लीं घरांच्या गच्च्यांवर आणि छपरांवर काळसर निळ्या काचेचीं तावदानें कललेलीं दिसतात. तीं पाहून, सूर्याकडून काम करून घेण्याची विद्या कालपरवां परदेशांतून आली असावी, अशी बहुतेकांची समजूत होते. वस्तुतः ज्या मुंबईंत गिरण्यांचीं धुरांडीं एकामागून एक उभीं राहत होतीं, त्याच मुंबईंत १८७८ च्या सुमारास एका गृहस्थानें आपल्या बंगल्याच्या आवारांत निव्वळ उन्हावर वाफेचें यंत्र चालवून दाखविलें होतें. हा गृहस्थ कारखानदार नव्हता. विल्यम ॲडम्स हें त्याचें नांव, आणि मुंबई हायकोर्टाच्या डेप्युटी रजिस्ट्रारची त्याची नोकरी. दावे, अर्ज आणि मुदती यांच्या गर्दींतून उठून हा मनुष्य घरीं येई आणि आरसे जुळवीत बसे.

मूळ कल्पना त्याची नव्हे. फ्रान्समध्यें तूर या गांवच्या विद्यालयांत ऑगस्त मूशो नांवाचा गणिताचा शिक्षक होता. कोळसा आज ना उद्यां संपणार, मग यंत्रांचें पोट कशानें भरावयाचें, या प्रश्नानें त्यास पछाडलें होतें. चांदीचा मुलामा दिलेल्या धातूच्या पत्र्याचें एक अवाढव्य नरसाळें करून त्यानें तें सूर्याकडे तोंड करून ठेविलें. नरसाळ्याच्या मध्यभागीं काळें केलेलें तांब्याचें बाष्पपात्र उभें केलें आणि त्यावर काचेचें आवरण घातलें. काच उजेडाला आंत येऊं देते, पण आंतली उष्णता सहजीं बाहेर जाऊं देत नाहीं. १८७८ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत या मास्तरानें उन्हाच्या जोरावर चक्क बर्फ करून दाखविलें आणि सुवर्णपदक मिळविलें.

मूशोच्या प्रयोगांची हकीकत ॲडम्सनें मुंबईंत वाचली. येथें ऊन उदंड, जळण मात्र महाग. लाकडासाठीं रानें तुटत होतीं आणि गिरण्यांचा कोळसा बव्हंशीं विलायतेहून जहाजानें येत होता. अशा देशांत या युक्तीचें मोल फ्रान्सपेक्षां कितीतरी अधिक, हें त्यानें ओळखलें. परंतु मूशोची भक्ति त्यानें केली नाहीं. त्याच्या यंत्राकडे त्यानें खर्च मंजूर करणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें पाहिलें. असल्या यंत्रापासून अर्ध्या अश्वशक्तीहून अधिक काम मिळणें कठीण, असा त्याचा हिशेब होता. चांदीचा मुलामा हवेनें काळवंडणार, नरसाळें करण्यास खर्च फार, आणि तें मोठें केलें तर सूर्याबरोबर फिरवावें कसें, असे त्याचे आक्षेप होते. ऊन फुकट असलें तरी तें धरण्याचें भांडें फुकट मिळत नाहीं, ही गोष्ट या विषयांतील पुष्कळ विद्वानांना उशिरां कळली. कोर्टाच्या या अधिकाऱ्याला ती आरंभींच कळली होती.

त्यानें वांकविलेला धातूचा आरसा सोडून दिला आणि सपाट कांचेचे साधे आरसे घेतले. प्रत्येक आरसा १७ इंच लांब व १० इंच रुंद. सपाट आरसा ऊन एकवटत नाहीं, नुसतें वळवितो. पण दहा आरशांनीं एकाच जागीं ऊन टाकलें कीं त्या जागीं दहा सूर्यांची धग मिळते. एखादा आरसा फुटला तर तेवढाच बदलावा, बाकीचें काम चालूच राहतें. ॲडम्सनें एकेक आरसा वाढवीत उष्णता मोजली. साधारण वाफेच्या यंत्रास पुरेल असा दाब येण्याकरितां १२०० अंश फॅरनहाइटची धग हवी आणि तिला ७२ आरसे लागतात, असें त्यानें ठरविलें. त्या जागीं धरलेल्या लाकडाच्या तुकड्यानें तत्काळ पेट घेतला. आरशांची चौकट त्यानें अर्धवर्तुळाकार मार्गावर सरकेल अशी योजिली आणि बाष्पपात्र मात्र एका जागीं स्थिर ठेविलें. एका मजुरानें दिवसांतून तीन-चार वेळां चौकट सरकविली कीं झालें. जड वस्तु अचल ठेवून हलक्या वस्तु हलवाव्या, ही त्यांतील खुबी.

७२ आरशांचें क्षेत्रफळ अवघें ८५ चौरस फूट भरतें. तेवढ्यावर भर दुपारीं पडणारी उष्णता विजेच्या मापानें आठ किलोवॅटच्या आंत-बाहेर असते, आणि त्या काळच्या लहान वाफेच्या यंत्राला तिचा फार थोडा हिस्सा कामांत उतरवितां येई. म्हणजे धग वाढविण्यास थोडे आरसे पुरतात, पण काम वाढविण्यास अंगण भरून आरसे लागतात. ॲडम्सनें अडीच अश्वशक्तीचें यंत्र एक पंधरवडा दिवसाउजेडीं चालविलें.

स्वयंपाकासाठींहि त्यानें एक उपकरण केलें होतें. लाकडी नरसाळ्याला आंतून पारा चढविलेली साधी कांच लावलेली, मध्यें तांब्याचें उभें भांडें आणि त्यावर कांचेचें झांकण. तोंडाचा व्यास २८ इंच. मुंबईच्या जानेवारींत, म्हणजे येथल्या थंडीच्या महिन्यांत, सात शिपायांचा मांस-भाजीचा शिधा त्यांत दोन तासांत शिजला, आणि तो नेहमींपेक्षां चांगला शिजल्याची ग्वाही शिपायांनीं दिली. पलटणींतल्या शिपायांची जेवणाविषयींची तक्रार जगप्रसिद्ध आहे. तेव्हां हें प्रशस्तिपत्र थोडेंथोडकें नव्हे.

या सर्व विचारांचें त्याचें इंग्रजी पुस्तक १८७८ सालीं भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यांत छापलें गेलें. उष्ण देशांत जळणाऐवजीं सूर्याची उष्णता वापरावी, हा अर्थ त्याच्या नांवांतच आहे. यंत्र पाहण्यास त्यानें सरसेनापति, रॉयल इंजिनियर्समधील एक कर्नल, बांधकाम खात्याचे सेक्रेटरी, न्यायाधीश आणि गिरणीमालक यांना बोलाविलें. सर्वांनीं वाखाणणी केली. इंजिनियरांचें मत मात्र तोलून दिलेलें होतें : कोळशाशीं याची बरोबरी होणार नाहीं, पण कोळशाच्या जोडीला हें उपयोगीं पडेल. आणि तेथेंच तो उद्योग थांबला. वाखाणणी करणाऱ्या गिरणीमालकांपैकीं कोणी आपल्या गिरणींत आरसे लावले नाहींत.

त्यांना नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. गिरणीचा भोंगा सूर्याला विचारून वाजत नाहीं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईवर ढग असतात, आणि ढगांतून आलेला विखुरलेला उजेड आरशांना एका जागीं आणतां येत नाहीं. म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा यंत्र जवळजवळ निकामी. रात्रींचा प्रश्न वेगळाच. स्वच्छ ऊन असलेल्या अल्जीरियांतदेखील फ्रेंच सरकारनें मूशोच्या यंत्रांची परीक्षा करून तीं परवडत नाहींत असा निर्णय दिला. मूशो पुन्हां गणिताकडे वळला आणि १९१२ सालीं पॅरिसमध्यें दारिद्र्यांत वारला. गंमत अशी कीं, ज्या पावसाळ्यानें मुंबईचे आरसे आंधळे केले असते, त्याच पावसाळ्याचें पाणी लोणावळ्याच्या तलावांत सांठवून टाटांच्या खोपोली येथील केंद्रानें १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. समुद्राचें पाणी सह्याद्रीवर नेऊन टाकतो तो सूर्यच. फरक एवढाच कीं तलावांत ती शक्ति सांठून राहिली. ॲडम्सच्या अंगणांत ती सांठविण्याची सोय नव्हती.

तीच सोय पुढें घरोघर आली. शिशाची बॅटरी प्लांते यानें १८५९ सालींच केली होती, पण उन्हाची सरळ वीज करणारा पदार्थ हातीं लागण्यास वेळ लागला. उजेडापासून वीज उत्पन्न होते हें १८३९ सालीं बेकरेलला दिसलें होतें. कामास येईल असा सिलिकॉनचा घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं केला, आणि तोहि अंगावर पडणाऱ्या उन्हाचा शेंकडा सहाच भाग विजेंत उतरवी. प्रथम तो उपग्रहांवर गेला, कारण तेथें किंमत कोणी विचारीत नव्हतें. तेव्हांपासून एका वॅटमागील खर्च शंभरपटीहूनहि अधिक उतरला आहे. ढगाळ दिवशीं हीं तावदानें थोडीं तरी वीज देतात. आरशांना तें साधत नव्हतें.

तरीहि बेताच्या पैशांत घरीं हें साधन बसवूं पाहणाऱ्याला ॲडम्सच्याच क्रमानें जावें लागतें : आधीं गरज मोजावयाची, मग तावदान. नऊ वॅटचे चार दिवे पांच तास जळले तर १८० वॅट-तास होतात. कमी वीज खाणारा ३० वॅटचा पंखा आठ तास फिरला तर २४० होतात. एकूण ४२०. शंभर वॅटचें तावदान स्वच्छ दिवशीं चारशेंच्या आसपास देतें, पण बॅटरींत जातां-येतां घट होते. म्हणून दोनशें वॅट घ्यावे. बारा व्होल्टची शंभर अँपियर-तासांची शिशाची बॅटरी बाराशें वॅट-तास सांठविते. परंतु ती रोज निम्म्याखालीं उतरूं दिल्यास लवकर मरते. तावदानाचें तोंड दक्षिणेला आणि कल अक्षांशाएवढा, म्हणजे महाराष्ट्रांत बहुतेक ठिकाणीं १६ ते २१ अंश असावा. शेजारच्या नारळाच्या एका झावळीची सावलीहि पुष्कळ वीज खाऊन टाकते. चौकट घरच्या घरीं उभारतां येते. तारा जोडण्याचें काम परवानाधारक वायरमनकडे द्यावें, कारण उन्हांत ठेवलेल्या तावदानाची वीज बटन दाबून बंद होत नाहीं, आणि बॅटरीजवळ फ्यूज नसल्यास आग लागते. २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकीं ३०,००० रुपये आणि जास्तींत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरलें. परंतु तें कंपनीच्या विजेशीं जोडलेल्या आणि नोंदलेल्या विक्रेत्याकडून बसविलेल्या संचासाठीं. स्वतः बसविलेल्या बॅटरीच्या संचाला तें लागू नाहीं.

स्थिर बाष्पपात्राभोंवतीं हलणाऱ्या सपाट आरशांची ॲडम्सची रचना मात्र मेली नाहीं. १९८२ सालीं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत उंच मनोऱ्यावर बाष्पपात्र बसवून त्याच्या सभोंवतीं अठराशेंहून अधिक आरसे उभे केले गेले. ते सरकविण्यास यंत्रें होतीं. ॲडम्सनें दिवसांतून तीन-चार वेळां ज्या मजुराला बोलाविलें असतें, त्याचें घरच्या गच्चीवर आतां एवढेंच काम उरलें आहे : सकाळीं, कांच तापण्यापूर्वीं, ओल्या फडक्यानें धूळ पुसावयाची.