एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर दोन सबवूफर : वायर जोडण्याआधी ओहमचं गणित समजून घ्या

मंडळी, गाडीत एक सबवूफर बसवला, महिनाभर मजा आली आणि आता दुसरा बसवायची हुक्की आली आहे? मग प्रश्न पडणारच. दुसऱ्यासाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा की आहे त्यावरच दोन्ही चालतील?

चालतात. पण सगळं अवलंबून असतं वायर कशी जोडली यावर. जोडणी चुकली तर आवाज वाढायचं राहिलं बाजूला, अ‍ॅम्प तापून बंद पडतो. कधीकधी कायमचाच!

हे ओहम म्हणजे काय?

सबवूफरच्या मागे 2 ओहम किंवा 4 ओहम असं लिहिलेलं असतं. सबवूफर विजेच्या प्रवाहाला किती अडवतो, त्याचा हा आकडा. याला इम्पिडन्स म्हणतात. आकडा जितका लहान, तितका अ‍ॅम्पमधून जास्त करंट ओढला जातो. म्हणून प्रत्येक अ‍ॅम्पची एक मर्यादा असते. '2 ओहम स्टेबल' असा अ‍ॅम्प असेल, तर त्याला 2 पेक्षा कमी ओहमचा लोड द्यायचा नाही.

जोडणीचे दोन प्रकार

सिरीज : अ‍ॅम्पचा प्लस पहिल्या सबवूफरच्या प्लसला, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला आणि दुसऱ्याचा मायनस परत अ‍ॅम्पला. यात ओहमची बेरीज होते. 4 ओहमचे दोन सबवूफर मिळून 8 ओहम होतात. अ‍ॅम्प सुरक्षित राहतो, पण ताकद कमी मिळते.

पॅरलल : दोन्हींचे प्लस एकत्र, दोन्हींचे मायनस एकत्र. यात ओहम कमी होतात. सारखे दोन सबवूफर असतील तर निम्मे. 4 ओहमचे दोन मिळून 2 ओहम, 2 ओहमचे दोन मिळून 1 ओहम. एकाच टाकीला दोन नळ लावले की पाणी जास्त वाहतं, तसंच हे.

डबल कॉइल असेल तर?

काही सबवूफरना दोन व्हॉइस कॉइल असतात, म्हणजे प्लस-मायनसच्या दोन जोड्या. असे 4+4 ओहमचे दोन सबवूफर घेतले तर एकूण चार कॉइल झाल्या. चारही पॅरलल जोडल्या तर 1 ओहम. प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल आधी सिरीजमध्ये जोडून मग दोन्ही सबवूफर पॅरलल केले तर 4 ओहम. 2+2 ओहमचे दोन असतील तर याच पद्धतीने 2 ओहम मिळतात. म्हणून खरेदीआधीच हिशोब करा. एकदा चुकीच्या ओहमचा सबवूफर घरी आला की हवा तो आकडा जुळवता येईलच असं नाही.

इथे हमखास फसगत होते

1. अनेक मोनोब्लॉक अ‍ॅम्पना स्पीकरसाठी दोन जोड्या टर्मिनल असतात. दोन आउटपुट आहेत असं वाटतं, पण आतून ते एकच असतात. 2 ओहमचा एकेक सबवूफर दोन्हीकडे लावला, तर तो पॅरलल म्हणजे 1 ओहमच झाला.

2. दोन चॅनेलचा अ‍ॅम्प ब्रिज केला की प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात. त्यामुळे एरवी 2 ओहम पेलणारा अ‍ॅम्प ब्रिजमध्ये साधारणपणे 4 ओहमच पेलतो.

3. एका सबवूफरचे प्लस-मायनस उलटे लागले तर एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जातो. काहीही जळत नाही, पण बेस गायब! दोन सबवूफर लावून आवाज कमी झाला, तर आधी हेच तपासा.

4. एक 2 ओहमचा आणि एक 4 ओहमचा अशी भेसळ केली तर ताकद समान वाटली जात नाही. दोन्ही सबवूफर एकाच मॉडेलचे घ्या.

वॅट कसे मोजायचे?

खोक्यावरचा मोठा 'मॅक्स' आकडा विसरा, आरएमएस बघा. सारख्या दोन सबवूफरमध्ये अ‍ॅम्पची ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते. प्रत्येकी 250 वॅट आरएमएसचे दोन असतील, तर तुमच्या अंतिम ओहमवर 500 वॅट आरएमएस देणारा अ‍ॅम्प हवा.

बॅटरीची वायर विसरू नका

80 टक्के कार्यक्षमतेचा क्लास डी अ‍ॅम्प 500 वॅट देताना बॅटरीतून साधारण 45 अँपिअर ओढतो. त्याला पुरेशी जाड तांब्याची वायर हवी आणि बॅटरीजवळ, साधारण 45 सेंटिमीटरच्या आत, फ्यूज हवाच. हा फ्यूज वायरसाठी असतो. बॉडीला घासून वायरचं प्लास्टिक सोललं आणि शॉर्ट झालं, तर आग लागण्याआधी तोच तुटतो.

सुरू करण्याआधी

सबवूफरची जोडणी झाली की अ‍ॅम्पला लावण्याआधी त्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. रीडिंग हिशोबापेक्षा थोडं कमीच येतं, 4 ओहमच्या जोडणीला साधारण सव्वातीन ते पावणेचार. पण 4 च्या जागी 1 च्या आसपास दिसलं, तर थांबा. काम गॅरेजवाल्याकडे दिलं असेल तरी त्याला एवढं नक्की विचारा, "दादा, शेवटी किती ओहम झाले?"