कुलाब्याच्या सुया आणि आपल्या खिशातला फोन

१० जुलै २०२४. सकाळी सव्वासातचा सुमार. सिद्धेश्वरला आमच्या घरी चुलीवर चहा उकळत होता आणि मांडणीवरची भांडी अचानक खडखडली. अम्मी ‘या अल्लाह’ म्हणत उठली. आम्ही सारे अंगणात आलो. काही क्षणांत सगळे शांत झाले. नंतर कळले की भूकंपाचे केंद्र हिंगोली जिल्ह्यातच होते आणि तीव्रता ४.५ होती. त्याच वर्षी २१ मार्चलाही पहाटे एवढाच धक्का बसला होता. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आमच्या पिढीला विसरता येत नाही. त्यात पूर्णेवरचे धरण आमच्या उशाशी, म्हणून १९६७ च्या कोयनेचीही आठवण निघते.

त्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारले, ‘‘सर, मोबाईलला भूकंप कळतो म्हणे. खरं आहे का?’’

खरे आहे. फोनमध्ये अॅक्सेलरोमीटर नावाचा बारीक भाग असतो. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो मागेपुढे सरकतो आणि ते सरकणे विजेच्या मापाने मोजले जाते. फोन आडवा धरला की चित्र आडवे होते, पावले मोजली जातात, ती यामुळेच. त्याच्या जोडीला फोन किती वळला हे सांगणारा जायरोस्कोप असतो. स्थिर पडलेले अनेक फोन एकाच भागात एकाच वेळी थरथरले, तर तो भूकंप असावा हे गूगल ओळखते. अँड्रॉइड फोनवरची ही सूचना सेवा भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली.

मी हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘मग त्याला अजून काय काय कळतं, सर?’’

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची गोष्ट आठवली. तिथे एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे पारशी विद्वान तिचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्या काळात मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले. विजेचा प्रवाह आला की चुंबकत्व आले. पृथ्वी मोजायला ठेवलेल्या सुया आता ट्रामही मोजणार होत्या. मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागला. तिथे लोखंड न वापरता इमारत बांधली. १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या आणि दोन वर्षे दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा चुंबकीय काम अलिबागला गेलेले होते.

मला या इतिहासात एक साधी गोष्ट दिसते. उपकरण कशासाठी बनवले हे उपकरणाला माहीत नसते. त्याच्यापर्यंत जे पोचेल ते सारे ते टिपते. मूस यांना नको असलेली नोंद टाळायची होती, म्हणून ते उपकरण घेऊन शहरापासून दूर गेले. आपल्या फोनचे उलटे आहे. तो दिवसभर आपल्या हातात आणि रात्री उशाशी असतो.

मग त्याला काय कळते? २०११ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी टेबलावर कीबोर्डशेजारी फोन ठेवला आणि नुसत्या हादऱ्यांवरून टाइप केलेले बरेच शब्द ओळखले. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले की आवाजानेही जायरोस्कोप किंचित थरथरतो आणि त्यावरून बोललेले आकडे काही प्रमाणात ओळखता येतात. २०१७ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात मरियम मेहरनेझाद आणि सहकाऱ्यांनी तर नुसते एक वेबपान उघडे ठेवून फोनच्या हालचालीवरून चार आकडी पिन ओळखून दाखवला. ठराविक ५० पिनांच्या यादीतला पिन पहिल्याच प्रयत्नात ओळखण्याचे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे होते.

हे प्रयोगशाळेतले काम आहे. आपल्याकडे लोक फसतात ते बहुतेक गोड बोलून ओटीपी विचारणाऱ्यांमुळेच. तरी एक गोष्ट खटकते. कॅमेरा, माइक, ठिकाण यांसाठी फोन आपल्याला विचारतो. या हालचालीच्या सेन्सरसाठी अँड्रॉइडवरचे अॅप सहसा विचारत नाही. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून सेकंदाला २०० नोंदींची मर्यादा आली. त्याहून जास्त हव्या असतील तर अॅप बनवणाऱ्याने तसे जाहीर करायचे, पण वापरणाऱ्याला विचारले जात नाही. अॅपलने २०१९ पासून सफारीत उघडणाऱ्या वेबसाइटांना तरी विचारायला लावले आहे.

एका कामासाठी घेतलेली माहिती दुसरीकडे कशी जाते, हे आपण मुसलमानांनी पाहिलेले आहे. किब्ला दाखवणारे अॅप आज घरोघरी आहे. त्यातले होकायंत्र म्हणजे मूस यांच्या सुयांचाच नातू. आमच्या गावात किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला. आमच्या आजोबांना तो मावळतीवरून कळायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये बातमी आली की ‘मुस्लिम प्रो’ या नमाजाच्या अॅपमधली ठिकाणांची माहिती एका दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. अॅपवाल्यांनी नंतर ते संबंध तोडले. लोकांनी अॅप घेतले होते ते नमाजाची वेळ आणि दिशा कळावी म्हणून.

दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय पाऊल टाकू नये, हे आपल्याला सूरह नूर शिकवते. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमतीवर उभा आहे. पण जिथे विचारलेच जात नाही, तिथे हो किंवा नाही म्हणायचे कोणी?

मुलांना मी एवढेच सांगितले : नको असलेली अॅप काढून टाका, पिन टाकण्याआधी ब्राउझरची उघडी पाने बंद करा, पिन अधूनमधून बदला. भूकंपाची सूचना मात्र बंद करू नका. आपल्या जिल्ह्यात ती हवीच.

अम्मी पिन टाकताना फोन पदराआड धरते. तिचे बरोबरच आहे. पदराने शेजारच्याची नजर अडते. फोनच्या आतला कंप अडत नाही. तो अडवायचे काम फोन बनवणाऱ्यांचे आणि कायद्याचे आहे, आणि ते त्यांच्याकडे मागायचे काम आपले.