वडिलांची अपेक्षा आणि मुलाची वाट
(इतिहासातील काही दाखले)

मुलगा मोठेपणी काय होणार, हा प्रश्न आपल्या घरांतून फारसा विचारला जात नाही. विचारला जातो तो निराळाच प्रश्न : मुलगा कमवायला कधी लागणार आणि घरी पाठवणार किती ? निकाल लागतो न लागतो तोच पासपोर्टची धावपळ सुरू होते. चांगला हुशार विद्यार्थी कॉलेजचे दुसरे वर्ष अर्धवट टाकून व्हिसा आला म्हणून निघून जातो, आणि आम्ही शिक्षक मागे हळहळत बसतो. दुसऱ्या बाजूस, मुलाला गणिताची गोडी नसताना त्याने इंजिनिअरच झाले पाहिजे म्हणून दागिने मोडणारे आणि कर्ज काढणारे पालकही आहेत. वरवर पाहता या दोन तऱ्हा वेगळ्या दिसतात, परंतु दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे. ती ही की, कोणत्या वाटेने गेल्यास मुलाचे पोट खात्रीने भरेल हे वडिलांना आधीच ठाऊक असते. ही समजूत कितपत खरी ठरली आहे, हे इतिहासाला विचारून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. पालकांना दोष देण्याचा हेतू मुळीच नाही, कारण मुलाच्या कमाईची आशा धरणे हा गुन्हा नव्हे.

दर्यावरची रोजी

कोकणच्या किनाऱ्यावरील मुसलमानांचा दर्याशी संबंध शतकानुशतकांचा आहे. तांडेल, सारंग, नाखुदा हे जहाजावरचे हुद्दे आपल्याकडे आजही आडनावे म्हणून नांदत आहेत. आगबोटींचा जमाना आला तेव्हा मुंबई बंदरातून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर काम करणारे खलाशी बरेचसे रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून भरले जात. पुढे १८८० साली टपाल खात्याने मनिऑर्डरची सोय केली आणि गावाकडची घरे पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागली. बाप बोटीवर म्हणून मुलगा बोटीवर, अशी रीतच पडून गेली. ही रोजी कधी संपेल असे त्या काळच्या कोणा वडिलांना वाटले नसेल.

पण काळ बदलला. मालाची चढउतार कंटेनरने होऊ लागली, यंत्रे सुधारली, आणि जेथे पूर्वी मोठा ताफा लागत असे तेथे मोजकी माणसे पुरू लागली. नेमक्या त्याच सुमारास, १९७३ साली, खनिज तेलाचे भाव भडकले. अरबी आखातातील देशांत रस्ते, बंदरे, इमारती झपाट्याने उभ्या राहू लागल्या आणि कोकणातील तरुणांचा ओघ तिकडे वळला. या पैशाने काय केले हे सांगण्याची गरज नाही. कौलारू घरांच्या जागी पक्की घरे आली, बहिणींची लग्ने झाली, आजारी आईबापांना मुंबईचे डॉक्टर परवडू लागले. कित्येक शाळांच्या भिंतींत आखातातल्या उन्हाचा घाम मुरलेला आहे, हे आपण कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

मात्र २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर चाल केली आणि एका रात्रीत सारे चित्र पालटले. पुढील सुमारे दोन महिन्यांत अंदाजे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनमधील अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आणावे लागले. त्यांतील अनेकांची वर्षानुवर्षांची पुंजी तिकडेच राहिली. परत आल्यावर ज्याच्या हाती एखादा पक्का हुन्नर किंवा पदवी होती, त्याला पुन्हा उभे राहण्यास काही आधार होता. ज्याच्या हाती फक्त संपलेला व्हिसा होता, त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे भाग होते. तात्पर्य, वडिलांना जी वाट खात्रीची वाटते ती मुलाच्या उमेदीच्या वर्षांपर्यंत तशीच राहील, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

एका व्यापाऱ्याचा निर्णय

मग वडिलांनी काय करावे ? याचे एक उत्तर आपल्याच शिक्षणकार्याच्या इतिहासात सापडते. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत कोकणी मुसलमानांचे पुढारी नाखुदा महंमद अली रोघे होते, तसेच कमरुद्दीन आणि बद्रुद्दीन तय्यबजी हे दोघे बंधूही होते. या दोघा भावांचे वडील मुल्ला तय्यबअली हे मूळ खंबायतच्या सुलेमानी बोहरा घराण्यातले मुंबईतील व्यापारी होत.

व्यापाऱ्याने मुलांना पेढीवर बसवावे, हिशेब शिकवावा आणि धंदा वाढवावा, ही त्या काळची सरळ अपेक्षा. शिवाय इंग्रजी शिक्षणाने मुलगा धर्माला मुकतो, अशी भीती समाजात खोलवर रुजलेली. अशा काळात तय्यबअलींनी आपली मुले शिक्षणासाठी युरोपात धाडली. ही गोष्ट सव्वाशे नव्हे, तर दीडशे वर्षांहूनही जुनी आहे. सुएझचा कालवाही तेव्हा खुला झालेला नव्हता. तो झाला १८६९ साली. एवढा पैसा पेढीत गुंतवला असता तर नफा डोळ्यांसमोर दिसला असता. मुलाच्या शिक्षणात घातलेला पैसा मात्र केव्हा आणि कोणत्या रूपाने परत येईल, हे तेव्हा कोणालाच सांगता आले नसते.

कमरुद्दीन १८५८ साली इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. थोरल्या भावाचे पाहून बद्रुद्दीन यांनीही कायद्याची वाट धरली. १८६० साली ते विलायतेस गेले. परंतु डोळ्यांच्या विकाराने त्यांना ग्रासले आणि १८६४ च्या अखेरीस शिक्षण अपुरे टाकून मुंबईस परतावे लागले. मुलगा पदवी न घेता परत आला, खर्च वाया गेला, आता पेढीवर बस, असे म्हणण्यास याहून सबळ निमित्त कोणते असते ? तसे झाले नाही. एक वर्षाने बद्रुद्दीन पुन्हा विलायतेस गेले, १८६७ साली बॅरिस्टर झाले आणि मुंबईतले पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून त्यांनी वकिली सुरू केली.

पुढला इतिहास प्रसिद्ध आहे. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १८९५ साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन मंजूर करणारे न्यायमूर्ती हेच बद्रुद्दीन तय्यबजी. आणि स्वतःला मिळाले ते त्यांनी पुढच्या पिढीला दिले. मुलींना त्यांनी शिकवलेच, शिवाय १९०४ साली दोन मुलींना इंग्लंडमधील शाळेत पाठवले. मुलीच्या शिक्षणाचा घराला काय उपयोग, असे आजही विचारणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

पगार ३५० रुपये

याच तय्यबजी घराण्याशी नाते असलेल्या दुसऱ्या एका मुलाची हकीकत याहून वेगळी आहे. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईवडिलांना पोरका झाला आणि मुंबईत खेतवाडीला मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढला. शाळेत त्याचे बेताचेच चालले होते. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक पास झाला. कॉलेजचे पहिले वर्ष जड गेले तेव्हा त्याची रवानगी ब्रह्मदेशात तव्हॉय येथे झाली. तेथे घरच्यांचा लाकडाचा आणि वुल्फ्रॅम धातूच्या खाणीचा धंदा होता. मुलगा अभ्यासात चमकत नाही, तर धंद्यात घाला, हा विचार आपल्यालाही परका नाही.

परंतु मुलाचा जीव पाखरांत गुंतलेला. पहिल्या महायुद्धानंतर वुल्फ्रॅमची मागणी ओसरली आणि पुढे तो धंदाही टिकला नाही. मधल्या काळात मुंबईस येऊन त्याने व्यापारी कायदा व हिशेबनिशीचा अभ्यास केला आणि त्याच वेळी सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही शिकून घेतले. सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली. विद्यापीठाची पदवी नसल्याने ती मिळाली नाही. अखेर १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाईड लेक्चररची नोकरी लागली. पगार महिना ३५० रुपये. पुढे अभ्यास-रजा घेऊन ते जर्मनीत बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील प्रा. श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाच्या टंचाईमुळे ती जागाच रद्द झालेली !

तिशी ओलांडलेला, लग्न झालेला, नोकरी गेलेला आणि पक्ष्यांच्या मागे हिंडणारा माणूस. आपल्या मोहल्ल्यात त्याच्याविषयी काय बोलले गेले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिली. पत्नी तेहमिना बेगम यांची त्यांना पुरी साथ होती. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे बारकाईने निरीक्षण केले. नर एक घरटे अर्धे बांधतो, मादीने ते पसंत केले की पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवे बांधायला घेतो, हे त्यांनी प्रथम उलगडून दाखवले. या कामाने त्यांचे नाव झाले. पुढे हैदराबादसारख्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी अंगावर घेतली ती पगाराशिवाय, केवळ दौऱ्याच्या खर्चावर. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हे किताब मिळाले. हेच डॉ. सलीम अली. १९८७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मदिवसाची आठवण ठेवून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो.

रामेश्वरचे नावाडी घर

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, ती बड्या खानदानाची गोष्ट. त्यांना नात्यागोत्याचा आधार होता. आमच्या चुलीचे काय ?" हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तिसरा दाखला गरिबाघरचा घेऊ.

तामिळनाडूत रामेश्वरला जैनुलाबदीन नावाचे गृहस्थ यात्रेकरूंची ने-आण करणारी होडी चालवत. आपला मुलगा कलेक्टर व्हावा, असे त्यांच्या मनात होते. मुलगा पदवीधर झाला, परंतु त्याला ओढ विमानविद्येची. मद्रासच्या संस्थेत प्रवेश मिळाला तेव्हा सुमारे १,००० रुपये भरायचे होते. ते घरात नव्हते. बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकून ती रक्कम उभी केली. वडिलांच्या मनातली वाट ही नव्हती, तरी घर मुलाच्या पाठीशी उभे राहिले. मुलाला वैमानिक व्हायचे होते, तेही जमले नाही. जागा आठ आणि त्याचा नंबर नववा. मग १९५८ साली तो २५० रुपये मूळ पगारावर सरकारी खात्यात वरिष्ठ वैज्ञानिक सहायक म्हणून लागला. १९८० साली भारताच्या एसएलव्ही-३ अग्निबाणाने उपग्रह आकाशात सोडला तेव्हा त्या प्रकल्पाचे प्रमुख तेच होते. २००२ साली ते राष्ट्रपती झाले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. बहिणीच्या त्या बांगड्या मात्र फारशा कोणाच्या लक्षात नसतात.

बोध

पालक बंधुभगिनींनो, प्रत्येक मुलगा न्यायमूर्ती, शास्त्रज्ञ किंवा राष्ट्रपती होणार नाही, हे मला कळते. बहुतेक मुले साधी नोकरी किंवा धंदा करतील, आणि त्यातच समाजाचे भले आहे. या दाखल्यांचे मोल मोठ्या पदांत नाही. ते दोन साध्या गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट, पहिला पगार पाहून मुलाची किंमत करू नये. ३५० आणि २५० रुपयांच्या आकड्यांवरून त्या दोन माणसांचे मोल कोणी केले असते तर ते चुकलेच असते. दुसरी गोष्ट, घराला पैशाची निकड असेल तर ती मुलापासून लपवू नका, आणि केवळ हुकूमही सोडू नका. कर्ज किती, बहिणीचे लग्न केव्हा, औषधाला काय लागते, हे त्याच्यापुढे मांडा आणि त्याला किमान हाती घेतलेले शिक्षण पुरे करू द्या. दोन वर्षांची मनिऑर्डर उशिरा आली तरी घर तग धरते. अर्धवट राहिलेली पदवी मात्र चाळिशीत पुरी करणे फार थोड्यांना जमते. परदेशी जायचेच असेल तर हुन्नर किंवा पदवी घेऊन जावे. त्याच विमानातून उतरणाऱ्या दोघांच्या पगारात त्यामुळे किती फरक पडतो, हे आखातात राहून आलेल्या कोणालाही विचारावे.

विद्यार्थ्यांनाही एक शब्द सांगणे आहे. आपल्या आवडीची वाट मागणे म्हणजे रिकामे बसण्याची मुभा मागणे नव्हे. सलीम अलींनी पक्ष्यांबरोबर हिशेबनिशीही शिकून घेतली होती. बहिणीचे दागिने आपल्या कमाईतून सोडवण्याचा निश्चय कलामांनी त्याच वेळी केला होता. घराने आपल्यासाठी काय गहाण टाकले आहे याची जाणीव ज्याला आहे, त्यालाच स्वतःची वाट निवडण्याचा अधिकार पोचतो.

तय्यबअलींनी मुलांना पेढीची गादी दिली असती तर ती कदाचित एक-दोन पिढ्या टिकली असती. त्यांनी विद्या दिली, आणि तिच्यातून अंजुमनसारखी संस्था उभी राहण्यास हातभार लागला. दीडशे वर्षांत हजारो परक्यांची मुले तिच्यात शिकली. आपल्या मुलाकडून काय अपेक्षा करावी हे ठरवताना प्रत्येक वडिलांनी एवढा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा.