लोहार, शिकलगार, नालबंद : आडनावांतला लोखंडाचा हुन्नर

लोहार, शिकलगार, नालबंद ही आडनावे महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत आजही आहेत. मुलांना मात्र त्यांचा अर्थ सांगता येत नाही. भट्टीत लोखंड तापवून घडवतो तो लोहार. हत्याराला झिलई आणि धार देतो तो शिकलगार. मूळ शब्द ‘सैकल’, म्हणजे चकाकी. घोड्याला नाल आणि बैलाला पत्री ठोकतो तो नालबंद. चाकू, कैची, खंजीर हे शब्दही तुर्की, फारसी, अरबीतून मराठीत आले.

कुरआन शरीफच्या 57 व्या सूरहचे नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड. हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि कड्या मापात जोडून चिलखते बनवायला सांगितले, असा उल्लेख सूरह सबामध्ये आहे. ज्या कामाला पैगंबरांचा हात लागला, ते हलके कसे?

पाते कसे घडते?

भाता, ऐरण, हातोडा आणि सांडशी ही लोहाराची मुख्य अवजारे. कोयते, सुरे बनवायला तो बहुतेकदा ट्रकच्या कमानीचे जुने पाटे घेतो, कारण ते पोलाद चिवट असते. घडवलेले पाते लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतात. याला ‘पाणी देणे’ म्हणतात. त्याने पाते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलके तापवतात. धारेवर गवतासारखा पिवळसर रंग आला की थांबायचे. मग धार टिकते आणि पातेही तुटत नाही. हा रंग ओळखणारी नजर वर्षानुवर्षांच्या सवयीने येते.

कुर्बानी आणि धार

देवनारला बकरे आले की चेंबूर-गोवंडीत सुऱ्या आणि सत्तूर बाहेर निघतात. सुरी धारदार करा आणि जनावराला आराम द्या, अशी ताकीद सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. म्हणून धार दोन-चार दिवस आधीच लावून घ्या, जनावरासमोर नको. चाकावर घाईत घासताना धार निळी पडली, तर पाण्याचा कडकपणा गेला असे समजा. अशी सुरी लवकर बोथट होते. स्वस्तातली नवी सुरी दरवर्षी घेण्यापेक्षा जुनी चांगली सुरी कारागिराकडे द्या. त्याचीही रोजी चालेल.

कारागिरांसाठी योजना

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यांत लोहार, अवजारे बनवणारे आणि कुलूप बनवणारेही येतात. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. नोंदणी चालू आहे का, हे जवळच्या सीएससी केंद्रात विचारा.

घरात भट्टीवर बसलेले कोणी बुजुर्ग असतील, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा. आडनाव कागदावर राहील. हुन्नर हातातून हातातच जातो.