मिरीतले पायपरिन आणि पाणी : हायड्रोट्रोपीची कुळकथा

पाण्यात सहसा न विरघळणारे पदार्थ पाण्यातच विरघळवण्याच्या एका रीतीला हायड्रोट्रोपी म्हणतात. सोडियम बेंझोएट किंवा सोडियम सॅलिसिलेटसारखे क्षार पाण्यात भरपूर मिसळले, की एरवी पाण्याला दाद न देणारी कित्येक सेंद्रिय संयुगे त्यात उतरतात. अशा क्षारांना हायड्रोट्रोप हे नाव आहे. औषधी वनस्पतींमधील गुणकारी द्रव्ये काढण्याचे जे मार्ग आज ‘हरित’ मानले जातात, त्यांपैकी या मार्गाची महत्त्वाची घडण मुंबईत माटुंग्याला झाली.

वनस्पतीचा अर्क पाण्यात काढणे भारतात जुनेच आहे. आयुर्वेदातला क्वाथ उकळून, हिम थंड पाण्यात रात्रभर भिजवून आणि फांट गरम पाण्यात मुरवून होतो. जे पाण्यात उतरत नाही त्यासाठी तेल किंवा तूप सिद्ध करतात. आसव-अरिष्टांत धायटीची फुले घालून मिश्रण आंबवले जाते आणि त्यात तयार होणारे अल्कोहोल द्रावकाचे काम करते. या सर्व कल्पांत द्रावक वेगळा करण्याचा प्रश्नच येत नाही. तो औषधाबरोबर पोटात जातो.

एकोणिसाव्या शतकात वनस्पतीतले एकच द्रव्य शुद्ध रूपात हवे झाले, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. डॅनिश शास्त्रज्ञ ऑर्स्टेड यांनी 1819 मध्ये मिरीतून पायपरिन वेगळे केले. अशा कामाला सहज उडून जाणारे द्रावक सोयीचे ठरले. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी दुधातला स्निग्धांश मोजण्यासाठी 1879 मध्ये तयार केलेले उपकरण वनस्पतींच्या अर्कासाठीही प्रयोगशाळांत रुळले. पुढे कारखान्यांत पेट्रोलियमपासून मिळणारे हेक्सेन आले. ते सुमारे 69 अंश सेल्सियसला उकळते, म्हणून थोड्या उष्णतेत अर्कातून निघून जाते. पण त्याच गुणामुळे ते हवेत मिसळते, पेट घेते आणि कामगारांच्या मज्जातंतूंना अपाय करते. औषधांतील त्याच्या अंशावर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी दशलक्ष भागांत 290 भागांची मर्यादा घातली आहे. शिवाय असे द्रावक हव्या त्या द्रव्याबरोबर तेल आणि राळही ओढून आणतात, त्यामुळे शुद्धीकरणाचे काम वाढते.

हायड्रोट्रोपीची सुरुवात वनस्पतींपासून झाली नाही. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल न्यूबर्ग यांनी 1916 मध्ये या क्षारांचा गुण नोंदवून त्याला हे नाव दिले. माटुंग्याच्या तेव्हाच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी), एम. एम. शर्मा आणि विलास गायकर यांनी हा गुण मिश्रणे वेगळी करण्यासाठी वापरला. त्यांचा यावरचा शोधनिबंध 1986 चा आहे. 1989 मध्ये डी. बालसुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोट्रोपचे रेणू पाण्यात कसे एकत्र येतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. विशिष्ट किमान प्रमाण ओलांडल्यावरच हा परिणाम दिसतो, हे त्यातून ठसले. वनस्पतींसाठी हीच गोष्ट कळीची होती.

2002 मध्ये जी. रामन आणि गायकर यांनी मिरीवरचे काम प्रसिद्ध केले. साध्या पाण्यात पायपरिन लिटरला जेमतेम 40 मिलिग्रॅम विरघळते. त्यांनी मिरीची पूड अल्किल बेंझीन सल्फोनेट जातीच्या हायड्रोट्रोपच्या संहत द्रावणात ढवळली. हायड्रोट्रोपचे रेणू पेशींत शिरून त्यांची रचना सैल करतात, त्यामुळे आतले पायपरिन बाहेर येऊन द्रावणात उतरते. मग चोथा गाळून द्रावणात पाणी वाढवले, की हायड्रोट्रोपचे प्रमाण किमान मर्यादेखाली येते आणि पायपरिन घनरूपात खाली बसते. ते सुमारे 90 टक्के शुद्ध होते आणि त्यात राळ फारशी नव्हती. द्रावक उडवून देण्याची पायरीच गळाली. पुढच्या वर्षी डी. व्ही. दांडेकर आणि गायकर यांनी हळदीतील कर्क्युमिनॉइडांसाठी हीच रीत वापरली. नंतर कोलियस फोर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांतल्या फोर्स्कोलिनचाही क्रम लागला. फोर्स्कोलिनचा शोध 1970 च्या दशकात मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात लागला होता.

या रीतीची अडचणही पाण्यातच आहे. पदार्थ खाली बसवण्यासाठी घातलेले पाणी पुन्हा आटवल्याशिवाय हायड्रोट्रोप परत वापरता येत नाही, आणि पाणी आटवायला हेक्सेनपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. सल्फोनेट जातीचे हायड्रोट्रोप स्वतःही पेट्रोलियमपासूनच बनतात, आणि तयार द्रव्यातून ते धुऊन काढावे लागतात. म्हणून सॅलिसिलेट, युरिया असे पर्यायही तपासले गेले.

हेक्सेनसारखे द्रावक टाळण्याच्या याच हेतूने दुसऱ्या शाखाही वाढल्या. जर्मनीत कुर्ट झोसेल यांच्या कामातून अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडने कॉफीतले कॅफीन काढण्याची पद्धत आली. 31 अंश सेल्सियस आणि सुमारे 74 बार दाब यांच्यापुढे हा वायू द्रवासारखा विरघळवतो, आणि दाब उतरवताच निघून जातो. मात्र त्याला महागडी यंत्रे लागतात. 2011 मध्ये नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी शर्करा, सेंद्रिय आम्ले, कोलीन अशा नैसर्गिक पदार्थांच्या द्रवरूप मिश्रणांकडे लक्ष वेधले. ती सहसा विषारी नसतात, पण दाट असतात आणि उडत नाहीत, त्यामुळे त्यांतून अर्क वेगळा करणे कठीण जाते.

माटुंग्याहून मध्य रेल्वेने कल्याणपुढे गेले, की हा हिशेब प्रत्यक्ष जमिनीवर मांडावा लागतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत. बेलवलीसारख्या वस्त्या त्याच बदलापुरात आहेत, आणि उल्हास नदीही तिथूनच वाहते. उल्हास आणि वालधुनी या नद्यांतील सांडपाण्याचा वाद राष्ट्रीय हरित लवादापुढे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा पट्ट्यात हेक्सेनऐवजी हायड्रोट्रोप आणले तर हवेतला धोका कमी होईल, पण वापरलेले पाणी तसेच सोडले तर क्षार आणि सेंद्रिय द्रव्ये नदीत जातील. त्यामुळे द्रावक कशाचा बनला आहे एवढ्यावर त्याचे हरितपण ठरत नाही. काम झाल्यावर त्यातला किती भाग त्याच टाकीत परत येतो, यावर ते ठरते.