बर्फ फेकणारे चाक

रेल्वेचा फिरता हिमनांगर कोणी शोधला, असे विचारले की टोरंटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांचे नाव पुढे केले जाते. 1869 साली ही कल्पना त्यांनी मांडली, हे खरे. (दंतवैद्य म्हटल्यावर दात कोरायच्या यंत्राशी तिचे नाते जोडायचा मोह होतो, तो आवरलेला बरा.) पण एलियट यांचे यंत्र रुळांवर कधी आलेच नाही.

पुढचा दुवा ऑंटारियोतल्याच ऑरेंजव्हिलचा. तिथल्या ऑरेंज जल यांनी लहान प्रतिकृती बनवून त्या वाळूत चालवून पाहिल्या. 1883-84च्या हिवाळ्यात लेस्ली बंधूंनी त्यांच्यासाठी पूर्ण आकाराचे यंत्र बांधले. जल यांच्या रचनेत चाके दोन होती. पुढचे बर्फ कापणार, मागचे तो फेकणार, आणि दोन्ही उलटसुलट फिरणार. पुढे लेस्लींनी हक्क विकत घेतले आणि दोन्ही कामे एकाच चाकाकडे सोपवली. माझ्या मते हा नांगर खऱ्या अर्थाने इथे जन्मला.

या चाकावर शंकूच्या आकाराचे पोकळ कप्पे असतात आणि त्यांच्या तोंडाशी उलटणारी पाती. चाक ज्या दिशेने फिरेल तिकडे पाती आपोआप वळतात. त्यामुळे दरी कुठल्या बाजूला आहे ते पाहून माथ्यावरच्या तोंडातून बर्फ डावीकडे किंवा उजवीकडे भिरकावता येतो. मागच्या डब्यात रेल्वे इंजिनासारखाच बॉयलर. पण त्याची वाफ चाक फिरवण्यातच खर्च होते. नांगर स्वतःहून तसूभरही पुढे सरकत नाही. त्याला मागून इंजिने ढकलतात, आणि त्यांच्या चालकांना समोरचे दिसत नसल्याने नांगरावरून शिट्टीने इशारे दिले जात. बांधणी न्यू जर्सीतल्या पॅटरसनच्या कुक कारखान्यात होई. तिथला 1889चा ‘ओएम’ हा नांगर अमेरिकेतल्या कंब्रेस अँड टोल्टेक रेल्वेने जपला आहे. कागदावरून नीट न उमगणाऱ्या गोष्टी त्याच्याजवळ उभे राहून पाहता येतात.

यंत्राची मर्यादा मात्र अपघाताच्या नोंदींत दिसते. 4 मार्च 1910 रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या रॉजर्स खिंडीत कॅनेडियन पॅसिफिकच्या मार्गावर हिमकडा कोसळला. ढिगाऱ्यात बर्फाबरोबर झाडे आणि दगड होते. ते पात्यांना झेपत नाहीत, म्हणून नांगराच्या जोडीला फावडी-कुऱ्हाडी घेऊन माणसे खाली उतरलेली होती. रात्री समोरच्या उतारावरून दुसरा कडा आला आणि त्याने इंजिनासह नांगर उचलून फेकला. मृतांचा आकडा जुन्या लिखाणात 62 आढळतो. आता 58 धरतात. त्यांतले 32 जपानी मजूर होते. कंपनीने पुढे या खिंडीखालून सुमारे 8 किलोमीटर लांबीचा कॉनॉट बोगदा खणला आणि 1916 साली खिंडीतला मार्ग सोडून दिला.