कानांनी राखलेल्या चाली

आयर्लंडचं पारंपरिक संगीत ऐकलंय का, असं विचारलं तर आपल्याकडे बरेच जण नाही म्हणतील. पण ‘टायटॅनिक’ पाहिलाय का, असं विचारलं तर लगेच मान डोलावतील. १९९७च्या त्या चित्रपटात जहाजाच्या खालच्या भागात तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचा नाच रंगतो. वरच्या मजल्यावरच्या शिष्टाचाराला विटलेली नायिका तिथे येते आणि मोकळी होते. त्या नाचाला साथ करणारं संगीत याच परंपरेतलं आहे.

प्रसंग पडद्यावरचा असला, तरी त्याला इतिहासाचा आधार आहे. ११ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिकने आयर्लंडमधलं क्वीन्सटाउन, म्हणजे आजचं कोव्ह, हे बंदर सोडलं. तेव्हा यूजीन डेली नावाचा एक आयरिश तरुण डेकवर उभा राहून पाइप्स वाजवत होता. देश सोडून निघालेल्या माणसाने देशाला दिलेला तो निरोप होता. तीनच दिवसांनी, १४ एप्रिलच्या रात्री, जहाज हिमनगावर आदळलं. डेली बचावला, पाइप्स मात्र गेले. पुढे त्याने नुकसानभरपाई मागितली, तेव्हा त्या पाइप्सचीही नोंद केली होती.

एखाद्या नवख्या मित्राला या संगीताची ओळख करून द्यायची, तर मी सुरुवात इथून करीन. कारण हे संगीत टिकलं ते घर सोडून गेलेल्या माणसांमुळे, ही गोष्ट त्याला आधी कळायला हवी.

मित्र दोन-चार ध्वनिमुद्रणं ऐकतो आणि बहुधा एकच तक्रार करतो : ‘छान आहे, पण सगळ्या चाली सारख्याच वाटतात. आणि एक संपून दुसरी कधी सुरू झाली, तेच कळत नाही.’ ही तक्रार रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणजे त्याला मोजायला लावायचं. यातल्या बहुतेक चाली नाचासाठी बांधलेल्या आहेत. चालीचे साधारण दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग आठ मापांचा. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, की एक फेरी पुरी झाली. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की वादक न थांबता दुसऱ्या चालीत शिरतात. ‘जिग’ या प्रकारात सहा मोजायचे, आपल्या दादऱ्यासारखे तीन-तीनचे दोन गट. ‘स्लिप जिग’मध्ये नऊ, तीन-तीनचे तीन गट. ‘रील’ ही चार-चारच्या हिशेबाने धावणारी चाल. ‘हॉर्नपाइप’ही चारचीच, पण जरा डुलत, ठसक्यात जाणारी. मित्राने बोटांवर मोजत एकच चाल तीनदा ऐकली, की त्याला फरक कळू लागतो. मग त्याचं लक्ष हरकतींकडे जातं. सगळे वादक एकच चाल वाजवतात, पण स्वराला खटका कुठे द्यायचा, श्वास कुठे घ्यायचा, गज कुठे वळवायचा हे ज्याचं त्याचं असतं. आणि हे बारकावे कागदावर नीट उतरत नाहीत. या संगीताचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

जुन्या काळी आयर्लंडमध्ये मान होता तो हार्पवादकांना. गेलिक सरदार त्यांना पदरी बाळगत. सतराव्या शतकात इंग्रजांनी त्या सरदारांची सत्ता मोडली आणि हार्पवादकांचा आश्रय गेला. घोड्यावर बसून, या हवेलीतून त्या हवेलीत, अशी त्यांची भटकंती सुरू झाली. त्यांतला सर्वांत नावाजलेला म्हणजे टर्लो ओ’कॅरोलन (१६७० ते १७३८). अठराव्या वर्षी देवीच्या रोगाने त्याची दृष्टी गेली. यजमानांच्या नावाने त्याने रचलेल्या दोनशेहून अधिक चाली आज उपलब्ध आहेत.

पुढे हे वादकही विरळ होत गेले. १७९२च्या जुलैत बेलफास्टमध्ये उरलेल्या हार्पवादकांचा मेळावा भरवण्यात आला, तेव्हा आयर्लंडभरातून दहा जण आले. त्यांतले बरेच वृद्ध आणि अनेक अंध होते. डेनिस हेम्पसन तर नव्वदी ओलांडलेला होता आणि धातूच्या तारा जुन्या रिवाजाप्रमाणे नखांनी छेडत होता. त्यांच्या चाली लिहून घेण्याचं काम एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाकडे सोपवलं होतं. त्याने या कामाला आयुष्य वाहिलं आणि १७९६, १८०९ व १८४० साली संग्रह छापले. पण छापताना त्याने चाली पियानोवर वाजवता येतील अशा बेतल्या. त्यामुळे चाली वाचल्या, पण हेम्पसनच्या नखांखाली त्या नेमक्या कशा वाजत, हे पुष्कळसं हरवलं.

गरिबांचं संगीत वेगळं होतं. स्वयंपाकघरात किंवा चौरस्त्यावर नाच व्हायचे. साथीला फिडल, बासरी आणि ‘इलन पाइप्स’. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. इलन पाइप्समध्ये हवा तोंडाने फुंकत नाहीत. कोपराखाली छोटा भाता असतो, त्याने पिशवीत हवा भरायची. मुख्य नळीवर चाल वाजते आणि बाकीच्या नळ्या, सनईमागे सूर धरतात तसा, अखंड सूर धरतात. एकोणिसाव्या शतकात कॉन्सर्टिना आणि अॅकॉर्डियन आले. आपल्या पेटीसारखीच ती धातूच्या पट्ट्यांची वाद्यं. हे वादक शिकले ते ऐकून. बहुतेकांना स्वरलिपी ठाऊक नव्हती, तिची गरजही नव्हती.

मग १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. १८५२ पर्यंत चाललेल्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, ती १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. सर्वांत मोठा घाव बसला तो पश्चिमेकडच्या, आयरिश भाषा बोलणाऱ्या गोरगरिबांवर. जुन्या चालींचा आणि गाण्यांचा साठा त्यांच्याकडेच होता. जॉर्ज पेट्री हा संग्राहक आपल्या १८५५च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दुष्काळानंतर खेड्यापाड्यांवर पसरलेल्या शांततेबद्दल लिहितो. गाणाऱ्यांचा देश गप्प झाला होता.

इथे मित्राला मी शिकागोला नेईन. फ्रान्सिस ओ’नील याचा जन्म ऐन दुष्काळात, १८४८ साली, कॉर्क परगण्यातल्या एका शेतकरी घरात झाला. किशोरवयातच तो जहाजावर कामाला लागला. पॅसिफिक महासागरात त्याचं जहाज फुटलं, त्यातूनही तो वाचला. १८७३ मध्ये शिकागोच्या पोलिसांत भरती झाला आणि १९०१ ते १९०५ या काळात त्या शहराचा पोलिसप्रमुख होता. लहानपणी कानावर पडलेल्या चाली त्याच्या डोक्यात पक्क्या होत्या. शिकागोत आयर्लंडच्या सगळ्या परगण्यांतून आलेली माणसं एकाच शहरात राहत होती. मायदेशी जे वादक एकमेकांना आयुष्यात भेटले नसते, ते इथे शेजारी झाले होते. ओ’नील त्यांच्याकडून चाली गोळा करू लागला. त्याला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. तो चाल गुणगुणे किंवा वाजवून दाखवी आणि पोलिस दलातला त्याचा सहकारी जेम्स ओ’नील ती लिहून घेई. दोघांचं आडनाव एक, पण नातं नव्हतं. १९०३ मध्ये १,८५० चालींचा मोठा संग्रह निघाला आणि १९०७ मध्ये नाचाच्या १,००१ चालींचा दुसरा. हे दुसरं पुस्तक आयर्लंडच्या वादकांमध्ये नुसतं ‘द बुक’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मायदेशात विस्मृतीत चाललेल्या कितीतरी चाली अशा अमेरिकेतून छापून परत आल्या.

पुस्तकापाठोपाठ तबकडी आली. स्लायगो परगण्यातला मायकल कोलमन हा फिडलवादक १९१४ मध्ये न्यूयॉर्कला गेला. १९२१ पासून १९३६ पर्यंत त्याने ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. परदेशी गेलेले नातेवाईक या तबकड्या गावी पाठवत आणि इथे मंडळी ग्रामोफोनभोवती बसून त्या झिजेपर्यंत ऐकत. आता हरकतीसुद्धा समुद्र ओलांडून आल्या. पण याला दुसरी बाजूही होती. आयर्लंडमध्ये परगण्यागणिक वाजवण्याची ढब वेगळी होती. कोलमनची झळाळती स्लायगो शैली सगळीकडे पोचली, तशी इतर ठिकाणची पोरं आपल्या गावच्या म्हाताऱ्याऐवजी कोलमनसारखं वाजवू पाहू लागली. चाली टिकवणाऱ्या साधनानेच काही ढबी पुसल्या, हेही मित्राला सांगायला हवं.

स्वतंत्र आयर्लंडमध्ये तरी या संगीताला बरे दिवस यावेत, अशी अपेक्षा होती. पण १९३५ मध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा आला. नाचाला परवाना लागू लागला. कायद्याचा रोख सार्वजनिक नाचांवर होता, पण अनेक ठिकाणी पोलिसांनी आणि धर्मगुरूंनी घरगुती नाचांवरही त्याचा बडगा उगारला. स्वयंपाकघरातले नाच ओसरले आणि हॉलमध्ये मोठमोठे ‘केली बँड’ वाजू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तरुणांची रीघ लागली, या वेळी इंग्लंडकडे. दिवसभर बांधकामावर राबणारे हे वादक संध्याकाळी लंडनच्या पबमध्ये जमून वाजवू लागले. आज पर्यटकांना ‘खास आयरिश’ आणि प्राचीन म्हणून दाखवलं जाणारं पबमधलं ‘सेशन’ रुळलं ते विसाव्या शतकाच्या मध्यात, आणि त्यात परदेशी गेलेल्या मजुरांचा वाटा मोठा होता.

याच सुमारास आयर्लंडमध्ये वारं फिरलं. १९५१ मध्ये मलिंगार इथे वादकांची एक संघटना उभी राहिली आणि दरवर्षीचा ‘फ्ला’ नावाचा महोत्सव सुरू झाला. आणि रेडिओने फार मोठी कामगिरी केली. शेमस एनिस १९४० च्या दशकात लोकसाहित्य आयोगासाठी सायकलवरून पश्चिम आयर्लंड पालथा घालत होता. स्वतः उत्तम पाइप्सवादक असल्याने लोक त्याच्यापुढे मोकळे होत. पुढे तो आयरिश रेडिओत आणि नंतर बीबीसीत गेला. कियारान मॅक महूना १९५० च्या दशकात रेडिओची ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन खेड्यांत जाऊ लागला. क्लेअर परगण्यातल्या किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी या वयस्कर बाई. त्यांची कॉन्सर्टिना त्याच्यामुळे देशभर ऐकू गेली. आपल्या शेजारणीचं वादन रेडिओवर लागतं म्हटल्यावर त्या वादनाकडे बघण्याची गावाची नजरच बदलली. महूनाचा रविवार सकाळचा कार्यक्रम १९७० ते २००५, अशी पस्तीस वर्षं चालला.

१९६० च्या सुमारास शॉन ओ रियाडा या संगीतकाराने पारंपरिक वादकांना एकत्र घेऊन नवा वाद्यमेळ बसवला. ‘बौरान’ या बकऱ्याच्या कातड्याच्या डफाला त्यात मानाची जागा मिळाली. त्याच वर्तुळातून १९६२ मध्ये पॅडी मोलोनीचा ‘द चीफटन्स’ हा चमू निघाला आणि जगभर गेला. १९९४ मध्ये युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात सात मिनिटांचा ‘रिव्हरडान्स’ झाला, त्याला पार्श्वभूमी या सगळ्याची होती.

मग मित्राला ऐकवायचं काय? मी रिव्हरडान्स शेवटी ठेवीन. आधी कोलमनचं एकट्याचं फिडल. मग विली क्लॅन्सीचे पाइप्स. मग जो हीनीचं ‘शॅन-नोस’, म्हणजे जुन्या पद्धतीचं, साथीविना आयरिश भाषेतलं गाणं. ते रंगतं तेव्हा जवळ बसलेला श्रोता कधी कधी गायकाचा हात हातात घेतो. समूहवादन त्यानंतर. आणि कधी प्रत्यक्ष सेशनला जायचा योग आला, तर एवढं सांगून ठेवीन : वादक एकमेकांकडे तोंड करून, गोल बसतात. तो जलसा नव्हे, त्यांच्या आपसातल्या गप्पा आहेत. टेबलावर ठेका धरू नकोस. चाल आवडली तर तिचं नाव विचार, आणि ती कुणाकडून घेतली हेही विचार.

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. चांगला वादक त्याचं उत्तर आनंदाने देतो, कारण चालीबरोबर ज्याच्याकडून ती मिळाली त्याचं नाव सांगण्याची रीत या परंपरेत आहे. युनेस्कोने २०१७ मध्ये इलन पाइप्स वादनाला आणि २०१९ मध्ये आयरिश हार्पवादनाला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं. डब्लिनमध्ये १९८७ पासून या संगीताचं मोठं संग्रहालय आहे. बंटिंगला जे जपता आलं नाही, ते आज जपता येतं. तरीही क्लेअरमधल्या मिलटाऊन मालबे या छोट्या गावी दर जुलैत विली क्लॅन्सीच्या नावाने शाळा भरते. १९७३ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी ती सुरू झाली. देशोदेशीचे विद्यार्थी येतात. शिक्षक चालीचा एक तुकडा वाजवतो, मुलं तो ऐकून पुन्हा वाजवतात आणि मग तो पुढचा तुकडा घेतो.